पंप कंट्रोलरचा खरखराट कसा काढला

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सोलर पंपाच्या कंट्रोलरचं ईएमआयचं, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय गोंगाटाचं काम बघतो. अमळनेरकडून एका शेतकऱ्याचा फोन आला: "भाऊ, मोटर चालू व्हयनी का रेडिओ नुसता खरखर करस." तक्रार खरी होती. कंट्रोलरमधले आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. वेग काही किलोहर्ट्झचाच, पण दर वेळी व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्या आत शेकडो व्होल्टांनी उडी मारतं आणि त्या उडीतले हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वेगाच्या पटीतल्या लहरी, मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. मीडियम वेव्ह 531 ते 1602 किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर त्यांच्या तडाख्यात.

सगळ्यांचं म्हणणं एकच, फिल्टर मोठा लावा. मला ते पटेना. आधी करंट परत कुठून येतो ते शोधायला हवं. मोटारीच्या तिन्ही वायरी एकत्र करंट प्रोबमधून घेतल्या. अशाने मोटारीचा नेहमीचा करंट आपसांत रद्द होतो, उरतो तो कॉमन मोड, म्हणजे तिन्ही वायरींतून एकाच दिशेनं जाणारा करंट. कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती गोंगाट ते आलेखात दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर तो ठळक दिसला. केबलमधून मोटारीच्या बॉडीत, तिथून जमिनीत, आणि पॅनेलच्या फ्रेममार्गे डीसी वायरींत परत. सगळं शेतच अँटेना झालं होतं.

मग त्याला घरी यायची जवळची वाट करून दिली. कंट्रोलरच्या आतली डीसी लाइन (डीसी बस) ते बॉडी वाय कपॅसिटर, म्हणजे हा करंट परत वळवणारा कपॅसिटर, डीसीच्या बाजूला त्याला अडवणारी कॉइल, म्हणजे कॉमन मोड चोक, आणि मोटारीला शील्डेड, म्हणजे धातूच्या जाळीचं आवरण असलेली केबल.

तरीही पाच मेगाहर्ट्झच्या वर आलेख म्हणावा तसा उतरेना. वायरमनदादांनी शील्ड पिळून, लांब शेपटी काढून स्क्रूला जोडली होती. सगळीकडे तसंच जोडतात. पण वायरीच्या दर सेंटिमीटरला साधारण 10 नॅनोहेन्री धरा. 10 सेंटिमीटरच्या शेपटीचा 10 मेगाहर्ट्झला अडथळा सहा ओहमच्या वर जातो. शेपटी काढून टाकली, शील्ड चहूबाजूंनी धातूच्या क्लॅम्पमध्ये धरली. क्लॅम्पखालचं पावडर कोटिंग कानशीनं खरवडलं, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. क्लॅम्प आवळला तसा आलेख खाली बसला. ते बघताना झालेला आनंद अजून आठवतो.

पुण्याच्या लॅबमध्ये 150 किलोहर्ट्झ ते 30 मेगाहर्ट्झची चाचणी क्वासी-पीकवरही, म्हणजे गोंगाट किती वारंवार येतो तेही धरणाऱ्या मोजणीवरही, पास झाली. आता ड्रॉइंगमध्येच लिहिलंय, क्लॅम्पच्या जागी कोटिंगआधी मास्किंग टेप लावायची.