तुम्ही विचारलंत म्हणून : मग देवही अभ्यासच होत नाही का?

मुलांना घरीच शिकवतो असं सांगितलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले. मित्र कसे होणार, आणि गणित कोण घेणार. त्यांची उत्तरं आता तोंडपाठ झालीत, इथे देत बसत नाही. तिसरा प्रश्न जरा आवाज उतरवून येतो, बहुतेकदा चर्चमधली उपासना सुटल्यावर, एखाद्या आईकडूनच. "तूच आई, तूच बाई, बायबलही तूच शिकवणार. मग मुलांना देव म्हणजे अभ्यासच वाटत नाही का?"

वाटतो. आमच्याकडे वाटला होता.

पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने वेळापत्रक केलं. नऊ ते साडेनऊ बायबल. वचन पाठ झालं की भिंतीवरच्या तक्त्यावर एक चांदणी. थोरली तेव्हा सहा वर्षांची. स्तोत्र 23 तिने चार दिवसांत पाठ करून टाकलं आणि मी ते येईल-जाईल त्याला म्हणून दाखवायला लावलं. मग एका रात्री झोपताना तिने प्रार्थना केली, आमेन म्हटलं, एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरोबर होती?"

दुसऱ्याच दिवशी तक्ता उतरवला असं लिहायला आवडलं असतं. पण पाच चांदण्या बाकी होत्या आणि ती रडली असती. त्या संपल्यावर उतरवला.

घरशाळेच्या बाजूने बोलताना आपण सगळे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतो. मीही घ्यायचे. मुलांच्या मनावर या गोष्टी बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोल. तक्ता उतरवल्यावर तो पुन्हा वाचला, तर त्यात नऊ ते साडेनऊ कुठेच नव्हतं.

आता आमच्याकडे दोन वेगळे खण आहेत. 66 पुस्तकांचा क्रम, नकाशे, कोणत्या राजानंतर कोण, हा सरळ अभ्यास. तो मी घेते, चुका काढते, कधी परीक्षाही घेते. प्रार्थना, वाचन आणि सण यांना मात्र वही नाही, बरोबर-चूक नाही. ते सगळं दिवे लागल्यावर, टेबलाभोवती.

आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचं, मेणबत्त्यांचं चक्र त्यातूनच आलं. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न हे गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळ कधी येणार म्हणून मुलांनी भंडावून सोडलं, तेव्हा त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. आठवड्यातल्या दिवसांच्या 20 लहान लाल, चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या. ही गोष्ट सांगितली तर थोरलीने लगेच आमचं कॅलेंडर मोजलं आणि तिचे दिवस भरले 26. विखर्न चुकले की ती? मग जुनी कॅलेंडरं निघाली. आगमनाचा पहिला रविवार सरकतो, त्यामुळे चोवीस डिसेंबरपर्यंतचे दिवस कधी 22 भरतात, कधी 28, हे तिने स्वतः शोधून काढलं. तेव्हा गणिताचा तास नव्हता, आणि मीही तसं कुठे म्हटलं नाही.

बायबलमध्ये येशूची कथा सांगणाऱ्या लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय 24. एक डिसेंबरपासून रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या रात्री पुस्तक पूर्ण, म्हणून आम्ही ते धरलं. पहिल्याच अध्यायात 80 वचनं आहेत हे मी आधी बघायला हवं होतं. धाकटा तिसाव्या वचनाच्या आसपास झोपला. पुढच्या वर्षीपासून लांब अध्यायांतला एकेक प्रसंगच वाचतो. पण खरी गंमत पुढे आहे. येशूचा जन्म दुसऱ्या अध्यायात, म्हणजे दोन तारखेलाच. आणि तेवीस तारखेला, घरभर सजावट, कंदील लटकलेले, आणि समोर तेविसावा अध्याय, क्रूस. धाकटा पाच वर्षांचा. तो ऐकत होता, मग एकदम खुर्चीवर उभा राहिला. "पण परवा त्याचा वाढदिवस आहे!"

मला काही सुचलं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. शेवटी थोरली म्हणाली, "उद्याचा एक अध्याय बाकी आहे ना." चोविसावा, येशू पुन्हा उठतो तो. त्या रात्री मेणबत्ती विझवायला कुणी उठेना.

सगळंच जमलं असं समजू नका. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येकाने एक आवडती गोष्ट सोडायची, हा माझा बेत. त्यात धाकट्याने आंघोळ सोडायची तयारी दाखवली. तो नाद आम्ही तूर्त सोडलाय.

टिकलेली सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे रात्रीचा आशीर्वाद. बायबलमधलं 'गणना' हे पुस्तक, सहावा अध्याय. हे एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. मुलांनी फक्त पडून ऐकायचं. पाठ करा असं कुणी कधी सांगितलं नाही. परवा यांना यायला उशीर होता, मी धाकट्याशेजारी आडवी झाले होते, डोकं ठणकत होतं. त्याने चिकट हात माझ्या कपाळावर ठेवला. "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो, आपला चेहरा... दिवा बंद करू?"

शेवटचं "शांती देवो" राहूनच गेलं. दिवा मात्र त्याने उठून बंद केला.