तुम्ही विचारलंत म्हणून: उद्यान खुलं असताना स्वयंसेवक कशाला?

"पीक डिस्ट्रिक्टला तिकीट नाही, कुणी अडवत नाही. मग लोकांना तिथे न्यायला तुम्ही स्वयंसेवक कशाला? ज्याला जायचं तो जाईल की!" भारतातले नातेवाईक फोनवर हे विचारतात, मँचेस्टरमधले ओळखीचेही विचारतात.

पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय उद्यान म्हटलं की जंगल, जिप्सी आणि परवाना येतो. इथे उद्यानातच गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत, आणि बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. पायवाट सरळ कुणाच्या तरी कुरणातून जाते. पहिल्यांदा आलेली माणसं नेमकी तिथेच, फाटकापाशी थबकतात. समोर मेंढ्या, पलीकडे शेतकऱ्याचं घर. "आत गेलं तर कुणी ओरडणार नाही ना?" हा प्रश्न प्रत्येक गटात कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच. आयुष्यभर परक्या देशात जपून वागलेल्या माणसाला तो पडणारच. मग मी खांबावरचा पिवळा बाण दाखवते. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची सार्वजनिक वाट, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही चालतात. या वाटेवर मालकाची परवानगी लागत नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. फाटक मात्र जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. एवढं कळलं की पुढच्या फाटकापाशी तीच माणसं माझ्या आधी बाण शोधतात.

हा हक्कही कुणाला आयता मिळालेला नाही. पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या डोंगराचा माळ जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो माणसं, त्यांत मँचेस्टरचे कितीतरी कामगार तरुण, बंदी मोडून त्यावर चढली. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला १९४९ मध्ये, आणि मोकळ्या माळरानावर फिरण्याचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं. हे ऐकल्यावर आमच्या गटातल्या बायका किंडरकडे वेगळ्याच नजरेने बघतात. तो हक्क त्यांचाही आहे, आणि हे त्यांना कुणीतरी तोंडाने सांगायला हवं असतं.

बाकी आमचं काम बरंचसं फोनवर चालतं. स्वच्छतागृह कुठे आहे, परतीची गाडी किती वाजता, चिखल किती असेल, लहान मूल दमलं तर मधूनच परतता येईल का. ज्यांच्या आईवडिलांनी त्यांना लहानपणापासून या डोंगरांत फिरवलं, त्यांना यातलं काही विचारावंच लागत नाही. बाकीच्यांचं घराबाहेर पडणं याच उत्तरांवर अडलेलं असतं.

ज्यांना चढ झेपत नाही त्यांना आम्ही मॉन्सल ट्रेलला नेतो. जुन्या रेल्वेमार्गावरची ही सपाट वाट; चाकाची खुर्ची, बाबागाडी, सगळं आरामात जातं. २०११ मध्ये तिथले बोगदे खुले झाले, दिवसा आत दिवे असतात. हेडस्टोनच्या बोगद्यातून बाहेर पडलं की आपण थेट पुलावर येतो, आणि खाली वाय नदी वळण घेत असते. एका आजींनी तिथे नातवाला खुर्ची थांबवायला लावली आणि पुढे जायचं नावच काढेनात. आम्ही परतीची पुढची बस धरली.

गर्दी वाढून निसर्गाचं नुकसान होईल, असंही काही जण म्हणतात. सोबत कुणी जाणकार असेल तर नुकसान कमी होतं, हे माझं ठाम मत आहे. टिटवीसारखे पक्षी इथे जमिनीवरच घरटी करतात, म्हणून १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळावर कुत्रा दोरीनेच न्यायचा. कोरड्या माळावर विस्तव पेटवायचा नाही. कारण समजलं की लोक पाळतात, आणि दुसऱ्यालाही सांगतात.

तर, नुसतं विचारू नका, या. मँचेस्टरहून उद्यानातल्या ईडेल गावाला थेट रेल्वेगाडी आहे, आम्ही स्टेशनवरच भेटतो. चालायचे बूट नसतील तर माप आधी कळवा, गटाकडे जास्तीचे जोड असतात.