तुम्ही विचारलंत म्हणून : टेबलाच्या पलीकडची खुर्ची

एका ज्येष्ठ नागरिक संघात ताणतणाव आणि घरातला संवाद या विषयावर माझे व्याख्यान झाले, तेव्हा प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी उभे राहून विचारले, “तुमचा स्वतःचा घटस्फोट झालाय म्हणे. मग नवराबायकोच्या भांडणात तुम्ही काय सल्ला देता?” मागून कोणीतरी ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ एवढेच पुटपुटले आणि म्हणीचा उरलेला अर्धा भाग साऱ्या सभागृहाने मनातल्या मनात पूर्ण केला. मी हसून वेळ मारून नेली. परंतु हाच प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडे असताना, विचारला गेला आहे. म्हणून त्याचे उत्तर आता नीट देतो.

म्हणे नव्हे, खरेच आहे. मी पुण्यात गेली बावीस वर्षे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. सात वर्षांपूर्वी माझा घटस्फोट झाला. मुलीचे माझ्याशी बोलणे बहुतेक वेळा ‘ओके’ या एका शब्दाच्या संदेशात आटोपते आणि वडिलांच्या घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी माझा अबोला आहे. हीच सगळी दुखणी घेऊन माणसे माझ्याकडे येतात आणि त्यांतली बरीचशी माझ्यापेक्षा लवकर मार्गी लागतात.

यात विसंगती आहे, पण लोक समजतात ती नव्हे. माझ्या खोलीत जे घडते ते माझ्या शहाणपणामुळे कमी आणि त्या खोलीच्या नियमांमुळे जास्त घडते. सत्र पन्नास मिनिटांचे असते, ठरलेल्या वेळी संपते, समोरच्याने माझ्यावर प्रेम करावे अशी माझी अपेक्षा नसते आणि त्याने घर विकले काय किंवा ठेवले काय, माझ्या खिशात काही पडणार नसते. एवढे अंतर मिळाले की कोणालाही बऱ्यापैकी ऐकता येते. घरी यातले काहीच नसते. तिथे मी पक्षकार असतो.

उलट घरी माझ्या विद्येने अपायच केला. पत्नी संतापली की मी आवाज खाली आणून “तुला आत्ता असुरक्षित वाटतंय का?” असे विचारत असे, आणि तिला खरोखर वाटत असे ते एवढेच, की मी गॅसचे बिल तिसऱ्यांदा भरायचे विसरलो आहे. “माझ्याशी क्लायंटशी बोलतोस तसं बोलू नकोस,” ती एकदा म्हणाली, “भांडायचंय तर नीट भांड.” तिचे निदान अचूक होते.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो कोणी विचारत नाही याचे मला आश्चर्य वाटते. समोरच्या माणसामुळे उपचारकाच्या स्वतःच्या मनात जे ढवळून निघते, त्याकडे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1910 सालीच लक्ष वेधले होते. उपचारकाच्या स्वतःच्या गुंत्यांनी आणि प्रतिकारांनी जिथे त्याला अडवले असेल, त्याच्यापुढे तो कोणालाही नेऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. 1937 मध्ये तर त्याने प्रत्येक मनोविश्लेषकाने साधारण दर पाच वर्षांनी स्वतःचे पुन्हा मनोविश्लेषण करून घ्यावे, असे सुचवले. माझा घटस्फोट चालू असताना एक जोडपे माझ्याकडे येत असे (ओळख पटू नये म्हणून तपशील देत नाही). चौथ्या सत्रानंतर नोंदी लिहिताना माझ्या ध्यानात आले, की नवऱ्याची वाक्ये मी जशीच्या तशी उतरवली होती आणि बायकोच्या बोलण्यापुढे मात्र ‘तक्रारी’ एवढा एकच शब्द लिहिला होता. मी त्याच संध्याकाळी माझ्या सुपरवायझरना, म्हणजे माझ्या कामावर नजर ठेवणाऱ्या ज्येष्ठ उपचारकांना, फोन केला. त्यांनी तासभर मला सोलून काढले आणि आम्ही ते जोडपे दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवले. तेव्हापासून मी दर मंगळवारी स्वतः एका थेरपिस्टकडे जातो. त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत आणि माझ्या विनोदांना अजिबात हसत नाहीत.

माझी मोडतोड लपवली तर ती क्लायंटच्या आड येते. ओळखून ठेवली तर निदान तिच्यावर पहारा ठेवता येतो. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांचीही पहिली दोन लग्ने टिकली नव्हती, पण त्यांची पद्धत तेवढ्याने खोटी ठरली नाही. अर्थात, हे वाक्य मी स्वतःच्या समर्थनासाठी जरा जास्तच वेळा वापरतो, हेही मला कळते.

राहिला त्या बाईंचा नेमका प्रश्न. मी सल्ला देत नाही. मी दोघांना एक साधे काम देतो : समोरच्याने जे म्हटले ते त्याला पटेल अशा शब्दांत परत सांगायचे, आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. हे किती अवघड आहे, ते मला कुटुंब न्यायालयात कळले. परस्पर संमतीच्या अर्जावर सह्या होण्याआधी आम्हाला तिथल्या विवाह समुपदेशकांसमोर बसवले होते. टेबलाच्या पलीकडची खुर्ची मला तोवर ठाऊक नव्हती. माझा व्यवसाय ऐकून त्या किंचित थबकल्या आणि मग त्यांनी मला अगदी हेच काम दिले. मी पत्नीचे म्हणणे सुबक, संतुलित भाषेत मांडले. ती म्हणाली, “नाही, मी असं म्हटलं नाही.” दुसऱ्या खेपेला मी त्यात माझे स्पष्टीकरण मिसळले, ते समुपदेशकांनी हात वर करून थांबवले. तिसऱ्या खेपेला मी फक्त तिचे शब्द उच्चारले : वीस वर्षे मी या घरात एकटी राहिले. “हो, हेच,” ती म्हणाली. त्यानंतर आम्ही दोघांनी, जिथे फुल्या केल्या होत्या तिथे, सह्या केल्या.