यॉर्कमधील आमची वाटचाल

जुन्या दगडी घरांची मोजणी, आराखडे आणि दुरुस्ती एवढेच काम करणारी आमची फर्म आम्ही पती-पत्नींनी २००९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे सुरू केली, तेव्हा लंडन सोडून इथे येणे आमच्या फारच थोड्या परिचितांना पटले होते. आमच्या डोळ्यांपुढे मात्र अठराव्या शतकातील वास्तुविशारद जॉन कार होते.

१७२३ मध्ये वेकफील्डजवळच्या हॉर्बरी गावी एका पाथरवटाच्या घरी जन्मलेल्या कार यांनी वडिलांच्या हाताखाली दगडाचे काम शिकून पुढे यॉर्कमध्ये व्यवसाय मांडला. तेथील नेव्हस्मायर मैदानावर घोड्यांच्या शर्यती पाहण्यासाठी बांधायच्या ग्रँडस्टँडकरिता त्यांचा आराखडा निवडला गेला आणि शर्यतींना येणारे जमीनदार त्यांना ओळखू लागले. हेअरवुड हाउस हा प्रासाद आणि बक्स्टन येथील क्रेसेंट ही अर्धवर्तुळाकार इमारत ही कामे त्यांचीच. पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या सांतो अँतोनियो रुग्णालयाचा आराखडाही त्यांनीच केला. १७७० आणि १७८५ मध्ये ते यॉर्कचे लॉर्ड मेयर झाले.

मला स्वतःला सर्वाधिक आदर वाटतो तो त्यांच्या पुलांविषयी. बड्या घराण्यांची कामे हाती असतानाही १७७२ पासून सुमारे तीस वर्षे त्यांनी नॉर्थ रायडिंगमधील, म्हणजे यॉर्कशायरच्या उत्तर विभागातील, सार्वजनिक पुलांची देखभाल सांभाळली. १७७३ चा एका कमानीचा ग्रेटा ब्रिज पाहिला, की दगड कुठे किती भार पेलेल हे लहानपणापासून ठाऊक असलेल्या माणसाचा हात त्यात दिसतो.

ती जाण आम्हाला मात्र नुकसान सोसून आली. दुसऱ्याच वर्षी एका ठेकेदाराने आमच्या परस्पर चुन्याऐवजी सिमेंटने दगडांमधल्या दरजा भरल्या, त्यामुळे भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद झाली आणि दोन हिवाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागले. साताऱ्यातील आमच्या वाड्याचा चुना घाण्यावर मळलेला होता हे आजोबांकडून ऐकलेले असूनही मी कामावर रोज उभा राहिलो नव्हतो, ही चूक माझीच होती. सगळ्या दरजा आम्ही पदरमोड करून पुन्हा उकरल्या आणि चुन्याने भरल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कामावर चुना कालवताना आम्हा दोघांपैकी एकजण हजर असतो.

कार यांनी हॉर्बरीचे चर्च स्वखर्चाने बांधले आणि १८०७ मध्ये निधन झाल्यावर त्यांना तिथेच पुरण्यात आले. आमच्याकडे नवा सहकारी रुजू झाला, की पहिल्याच आठवड्यात मी त्याला तिथे घेऊन जातो.