सगळ्यांना हवा असलेला आकडा

स्पर्धक कंपनीची नवी दीडशे सीसीची गाडी बाजारात आली की पहिल्या गिऱ्हाइकांत आम्हीही असतो. शोरूममधून गाडी घ्यायची, हजारेक किलोमीटर पळवून इंजिन मोकळं होऊ द्यायचं, मग धुराची चाचणी आणि शेवटी नटबोल्टपर्यंत सोडवून एकेक भाग वजनकाट्यावर. याचं नाव बेंचमार्किंग. वाहन उद्योगात यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच करतात.

ही गाडी रात्रभर सोक रूममध्ये, म्हणजे चाचणीआधी गाडी निवू द्यायच्या खोलीत, उभी होती. चाचणी थंड इंजिनावरच सुरू करायची असते, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत कामाला लागत नाही आणि पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच बरीचशी घाण बाहेर पडते. सकाळी मागचं चाक डायनोच्या, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवायच्या यंत्राच्या, रोलरवर, पुढचं पट्ट्यांनी आवळलेलं, समोर भलामोठा पंखा. आमचा रायडर पडद्यावरची वेगाची रेषा गिरवत बसला. रेषेपासून ताशी 3.2 किलोमीटरपेक्षा जास्त हललात आणि लगेच परत आला नाहीत की चाचणी बाद. 600 सेकंद थंड भाग, मग 600 सेकंद गरम. एका जागी बसून ऐंशीच्या वेगानं गाडी हाकणं हे काम वाटतं तितकं गमतीचं नाही.

चाचणीभर बॅगांमध्ये गोळा केलेला धूर अ‍ॅनालायझरनं वाचला आणि खोलीत गलका झाला. बीएस-6 या धुराच्या सरकारी नियमांत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला 1 ग्रॅम. ही गाडी जवळपास दीडपट! डिझाइनवाले खाली धावत आले, मॅनेजर साहेबांनी फोनवरच वर कळवूनही टाकलं. प्रतिस्पर्ध्याची गाडी नापास, यापेक्षा गोड बातमी कोणती?

मला मात्र नायट्रोजन ऑक्साइड खटकत होतं. मर्यादा 60 मिलिग्रॅमची आणि ते जेमतेम काही मिलिग्रॅम. कन्व्हर्टर मेला असता तर सगळंच वाढलं असतं. एक वर आणि दुसरं तळाला, याचा अर्थ इंजिन पेट्रोल जास्त पीत होतं. सेकंदा-सेकंदाचा आलेख उघडला. इंजिन थंड होतं तोवर सगळं बरं होतं. बिघाड गरम झाल्यावर, तोही सिग्नलला उभं राहावं तसे जे थांबे असतात, नेमका तिथे. म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तापून जागा झाल्यावरच गाडी बिघडत होती. चेक इंजिनचा दिवा तर लागलाच नव्हता.

मॅनेजर साहेब म्हणाले, "आकडा आलाय ना? रिपोर्ट करा."

"साहेब, हाच आकडा आपल्या गाडीचा आला असता तर आपण केला असता का रिपोर्ट?"

ते काही बोलले नाहीत. मी त्याला होकार मानला.

गाडी पुरती निवल्यावर आमच्या जुन्या टेक्निशियनना बोलावलं. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा दाबला आणि इंजिनच्या हेडला धुराचा पाइप जिथे जोडतात त्या जोडावर साबणाचं पाणी टाकायला सांगितलं. बुडबुडे फुटले. पुसून बॅटरी मारली तर काजळीची बारीक रेघ.

कन्व्हर्टरचं तापमान मोजायचं म्हणून आमच्याच वर्कशॉपनं तो पाइप उतरवून थर्मोकपलसाठी, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेसाठी, नट वेल्ड केला होता, आणि बसवताना जोडाची फट बुजवणारं, एकदा दाबलेलं जुनंच गॅस्केट परत घातलं होतं. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो, त्या फटीतून हवा आत येते, जोडाच्या पुढे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इमानदारीनं पेट्रोल वाढवतो. गाडीचा काडीचाही दोष नव्हता.

"नवं गॅस्केट कितीला येतं ठाऊक आहे का?" काका म्हणाले. "साहेबांच्या चहापेक्षा थोडं महाग."

नवं गॅस्केट घालून गाडी पुन्हा सोक रूममध्ये ठेवली. पुढच्या चाचणीत ती पास झालीच, वर आमच्या प्रोटोटाइपपेक्षा, म्हणजे बाजारात यायच्या आधीच्या नमुना गाडीपेक्षा, कार्बन मोनॉक्साइड कमी. सोडवल्यावर कारण दिसलं: त्यांनी कन्व्हर्टर हेडच्या अगदी जवळ, बेंड पाइप संपतो तिथेच बसवला होता. आमचा सायलेन्सरच्या पोटात, म्हणून तापायला उशीर.

रिपोर्ट मीच नेला. मॅनेजर साहेबांनी तो दोनदा वाचला, वर फोन करून आधीची बातमी मागे घेतली आणि डिझाइनवाल्यांना बोलावलं. आता गलका होता तो कन्व्हर्टर पुढे आणला तर रायडरच्या पायाला चटका बसेल का यावर.