सत्तावीस म्हणजे फिस्क

फेब्रुवारी उजाडला की बॉस्टनमध्ये रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानामागे, म्हणजे फेनवे पार्कच्या मागच्या व्हॅन नेस स्ट्रीटवर, एक ट्रक लागतो. त्यात दरवर्षी साधारण 20,400 चेंडू चढतात, 1,100 बॅटी, शेकड्यांनी शर्ट-पँटी, सूर्यफुलाच्या बियांची 60 खोकी आणि च्युइंगगमची 20. हे सगळं जातं सुमारे 2,400 किलोमीटरवरच्या फोर्ट मायर्सला, कारण रेड सॉक्सचा सीझनआधीचा सराव फ्लोरिडात असतो. ट्रक हलला की जमलेली माणसं टाळ्या वाजवतात. पायाखाली बर्फ, तोंडातून वाफा, आणि टाळ्या कुणाला, तर सामानाच्या ट्रकला. याला ‘ट्रक डे’ म्हणतात. आमच्या घरी संक्रांत आणि होळी यांच्यामधला हा सण आहे.

मी 2004 साली लग्न करून इकडे आले. त्याच ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्स हाडवैरी न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या मालिकेत 0-3 असे मागे पडले, मग ओळीने चार सामने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिकाही जिंकली, 1918 नंतर पहिल्यांदा. शेजारच्या आजी रात्री अंगणात उभ्या राहून रडत होत्या. ज्याला त्या वर्षी हा नाद लागला नाही त्याला कधीच लागणार नाही. नवऱ्याला लागला नाही.

ऑक्टोबरनंतर मार्चअखेरीपर्यंत काहीच नसतं. तो काळ ढकलायची एक रीत इथल्या वेड्या लोकांनी पाडली आहे. ओपनिंग डेला, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवसाला, जितके दिवस उरले, तितक्या नंबरचा शर्ट घालणाऱ्या खेळाडूचं त्या दिवशी नाव घ्यायचं. पंचेचाळीस उरले, पेड्रो मार्टिनेझ. चौतीस, डेव्हिड ऑर्टिझ. नऊ, टेड विल्यम्स. बेचाळीसला संघाचा प्रश्नच येत नाही, तो बेसबॉलमधला रंगभेद मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा. 1997 मध्ये सगळ्याच संघांनी तो नंबर त्याच्या मानासाठी राखून ठेवला. एकवीसला मात्र हमखास भांडण, कारण एकवीस रॉजर क्लेमेन्सचा आणि तो पुढे यांकीजकडून खेळला. माझ्या ऑफिसातला एकजण बावीसवरून थेट वीसवर येतो.

या वर्षी सासरे साताऱ्याहून आले होते. अप्पा एस.टी.च्या डेपोत हिशेबनीस होते. बर्फाने आठवडाभर दार उघडू दिलं नाही तेव्हा सगळा पेपर वाचून, सगळे फोन करून ते खिडकीपाशी बसले. नवऱ्याला रजा नव्हती. मी विचारलं, “अप्पा, फ्लोरिडाला यायचं का?”

“तिथं काय आहे?”

“ऊन.”

“चल.”

विमानात निम्म्या डोक्यांवर लाल ‘बी’ची निळी टोपी होती. थंडीपुरते दक्षिणेत जाऊन राहणारे न्यू इंग्लंडचे, म्हणजे बॉस्टनकडचे, म्हातारा-म्हातारी फोर्ट मायर्सच्या बाजूला इतके, की चेकआउटच्या रांगेत आपण बॉस्टनमध्येच आहोत असं वाटावं. त्या दिवशी आकडा होता सत्तावीस. सत्तावीस म्हणजे कार्लटन फिस्क. 1975 च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, नऊ इनिंग होऊन जादाची बारावी, फिस्कने मारलेला चेंडू डावीकडच्या रेषेवरून चाललेला, आणि हा पठ्ठ्या पळायचं सोडून दोन्ही हातांनी चेंडूला ‘आत ये, आत ये’ करतोय. चेंडू रेषेवरच्या खांबाला लागला. खांबाला लागला म्हणजे आत, म्हणजे होमरन, आपल्या षटकारासारखा. अप्पांनी सगळं नीट ऐकून विचारलं, “मग ती सिरीज जिंकले?” नाही. सातवा हरले. “अच्छा,” म्हणाले, आणि बॉस्टनच्या लोकांबद्दल त्यांचं काही एक मत त्या क्षणी झालं असावं.

विमानतळ ते मैदान हे अंतर काहीच नाही. पण सामना दुसऱ्या दिवशी होता, म्हणून आधी थॉमस एडिसनचं हिवाळी घर पाहिलं. घरापेक्षा तिथलं झाड मोठं आहे. 1925 साली हार्वे फायरस्टोनने हिंदुस्थानातून आणवलेलं चार फुटांचं वडाचं रोप एडिसनला दिलं. टायरवाला फायरस्टोन, मोटारवाला फोर्ड आणि एडिसन तेव्हा रबराला पर्याय शोधत होते. रबर काही वडातून मिळालं नाही. वड मात्र एकरभर पसरलाय. अप्पा पारंब्यांमधून फेरी मारून आले आणि म्हणाले, “याला पार बांधायला पाहिजे होता. बसायचं कुठं माणसानं?”

बेसबॉल इथेही सुटत नाही. फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक्स संघ 1925 पासून 1936 पर्यंत याच गावातल्या टेरी पार्कवर सरावाला यायचा. ऐंशी वर्षांचे एडिसन त्यांच्यात जाऊन हातात बॅट घेऊन उभे राहायचे. 1927 साली त्या संघात टाय कॉब हा दिग्गज फलंदाज होता.

सव्वीस. सव्वीस वेड बॉग्जचा, आणि बॉग्ज प्रत्येक सामन्याआधी चिकन खायचा, वर्षानुवर्षं. आमच्याकडे सव्वीसला चिकन होतंच. अप्पा माळकरी. मी एकटीने खाल्लं, त्यांनी मैदानावर भाजलेल्या शेंगांची पिशवी घेतली आणि टरफलं पायाखालीच टाकायची असतात हे कळल्यावर खूश झाले.

रेड सॉक्सचं इथलं मैदान, जेटब्लू पार्क, 2012 साली उघडलं. फेनवेच्या डावीकडच्या 37 फुटी हिरव्या भिंतीसारखी भिंत इथेही उभी केली आहे. फरक असा की या भिंतीच्या पोटात खुर्च्या आहेत आणि पुढे जाळी. भिंतीवरचा धावफलक अजून हाताने बदलतात, आकड्यांच्या पाट्या लावून. फेनवेला तिकीट मिळायची मारामार, इथे माणूस मैदानाच्या इतका जवळ बसतो की पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, पुटपुटणं ऐकू येतं. तिकिटं पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाहीत, हे खरं.

अप्पांचा जीव रमावा म्हणून मी स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेतली. हा कागद म्हणजे रकानेच रकाने. प्रत्येक जागेला नंबर: पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) तीन, दुसऱ्यावरचा चार, तिसऱ्यावरचा पाच, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप सहा, मग बाहेरचे तिघे डावीकडून सात, आठ, नऊ. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने पहिल्या बेसवर फेकला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं 6-4-3. बॅट फिरवून हुकला आणि बाद झाला तर इंग्रजी के (K). नुसता बघत राहिला आणि बाद झाला तर उलटा के. उलटा के अप्पांना फार आवडला. “बरोबर आहे, बघत राहिला त्याची वेगळी नोंद पाहिजेच.” पिचरने चेंडू टाकायला किती वेळ घ्यायचा याचं घड्याळ 2023 पासून आलंय, बेस रिकामे असतील तर 15 सेकंद. तेही पसंत पडलं.

चार इनिंग अप्पांचं अक्षर छापल्यासारखं होतं. समोर मिनेसोटा ट्विन्स, त्यांचंही सरावाचं ठाण याच गावात. पाचव्या इनिंगला घोळ सुरू झाला. पहिल्या फळीचे खेळाडू दोन-तीनदा बॅटिंग करून घरी जायला निघाले; हो, सामना चालू असताना, पिशवी खांद्यावर टाकून. त्यांच्या जागी ज्यांचे नंबर नव्वदीत आहेत अशी, संघात अजून पक्की न झालेली पोरं आली. माझ्यासारखीलाही त्यातली तीन-चारच नावं ठाऊक. पिचर दर इनिंगला नवा.

“अगं, हा कोण?”

“माहीत नाही, अप्पा.”

“मग आधीचा कुठं गेला? त्याचं खातं बंद करायचं का?”

रकान्यांच्या कडेने बारीक अक्षरात नावं चढू लागली, मग बाण, मग समास संपला. आठव्या इनिंगला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. नऊ इनिंगनंतर सामना बरोबरीत होता आणि लोक उठून चालायला लागले. जादा इनिंग नाही, निकाल नाही. अप्पा जागेवरच. “ताळेबंद लागला नाही आणि उठले सगळे?”

मला मात्र हेच हवं असतं. ओपनिंग डेला मी दिवस मोजते खरी, पण त्या दिवसापासून प्रत्येक पराभव मनाला लागायला लागतो, आणि असे 162 सामने. मार्चमधले हे सामने कुठे धरले जात नाहीत, म्हणून पिचर नवीन चेंडू करून बघतो, झोडपला जातो आणि हसतो. नव्वदीतल्या नंबरवाल्या पोराला दोन इनिंग मिळतात आणि तो जीव तोडून पळतो, कारण त्याच्यासाठी तेवढ्याच धरल्या जातात. वर्षभरात दोघं एका मैदानावर फक्त याच दिवसांत दिसतात.

त्याहून जास्त मला मागची मैदानं आवडतात. मोठ्या मैदानाच्या पाठीमागे सरावाची मैदानं आहेत, तिथे सकाळी खालच्या संघांची पोरं असतात. ना गर्दी, ना धावफलक. एकच गोष्ट पन्नास वेळा: पहिल्या बेसवाला चेंडू उचलायला पुढे धावला की पिचरने पळत जाऊन त्याचा बेस सांभाळायचा. टीव्हीवर हे चुटकीसरशी होतं. इथे कळतं की तिरक्या धावेत, मागे न बघता, पायाने बेस चाचपत चेंडू पकडायचा असतो. एक उंच पोरगा तीनदा अडखळला. कोच ओरडला नाही, नुसतं बोट गोल फिरवलं: पुन्हा.

अप्पांनी कालच्या कार्डाची मागची बाजू काढली होती. “तीन-एक,” ते म्हणायचे आणि खूण करायचे. पुन्हा “तीन-एक.” उंच पोराच्या नावापुढे, नाव माहीत नसल्याने, त्यांनी ‘उंच’ असंच लिहिलं होतं. इथे माणसं बदलत नव्हती, हिशेब जुळत होता.

जाळीशी एक गोरे आजोबा घडीची खुर्ची टाकून बसले होते. कागद, पेन्सिल, टोपी, कुणाशी बोलणं नाही, हे सगळं बघून त्यांना अप्पा कुठल्यातरी क्लबचे स्काउट वाटले. नवे खेळाडू हेरणारे असे लोक या मैदानांवर असतात, वह्या घेऊन. आजोबांनी अदबीने विचारलं, कुणासाठी काम करता?

“महाराष्ट्र स्टेट ट्रान्सपोर्ट,” अप्पा म्हणाले. “रिटायर्ड.”

आजोबांनी नावाचा अंदाज घेतला. मग आवाज खाली आणून विचारलं, तुमच्या क्लबला पिचर हवाय का?

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं.

“त्यांना सांग,” अप्पा म्हणाले, “आमच्याकडं कायम ड्रायव्हर कमी पडतात.”