सुरगाठ, निरगाठ आणि आमच्या सोसायटीचे झेंडावंदन

प्रजासत्ताक दिनी आमच्या सोसायटीच्या ध्वजस्तंभावर तिरंगा उघडला, तेव्हा हिरवा पट्टा वर होता. राष्ट्रगीत सुरू होण्यापूर्वीच ते ध्यानात आले, ध्वज उतरवून पुन्हा बांधला गेला आणि कार्यक्रम पार पडला. परंतु तो बांधणारा मीच असल्यामुळे पुढे कित्येक दिवस मला त्याची रुखरुख लागून राहिली. घडीतील कोणते टोक वर जाते आहे, हे न पाहताच मी दोरी अडकवली होती. १५ ऑगस्टची जबाबदारीही माझ्याकडेच ठेवावी, अशी मी कार्यकारिणीला विनंती केली आणि भारतीय ध्वजसंहिता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली.

ही संहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. आपल्या घरावर सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये दिला. या हक्काबरोबर राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक अधिनियम, १९७१ हाही येतो, आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

प्रथम मी आमचा जुना ध्वज मोजला. तो तीन फूट लांब आणि अडीच फूट रुंद भरला, म्हणजे लांबी व रुंदीचे प्रमाण ३:२ असावे हा मूळ नियमच तेथे पाळलेला नव्हता. शिवाय वाऱ्याने त्याची मोकळी कड विरली होती आणि फाटलेला ध्वज लावता येत नाही. नवा ध्वज ९०० × ६०० मिलिमीटरचा, खादीचा घेतला. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर तयार केलेला ध्वजही चालतो, आणि ऑगस्टच्या पावसात तो लवकर सुकतो हेही खरे आहे. खादी निवडण्यामागे माझी भावना होती, नियम नव्हे. घेताना मात्र अशोकचक्र दोन्ही बाजूंना आहे, नेमके मध्यभागी आहे आणि आरे २४ आहेत, एवढे पाहून घेतले.

खरा वेळ गेला तो दोरीत. घडी घातलेला ध्वज स्तंभाच्या टोकाशी नेऊन एका झटक्यात उघडायचा, तर घडीभोवतीची गाठ सुरगाठच असावी लागते. घाईत तिची निरगाठ झाली की खालून कितीही ओढले तरी ध्वज उघडत नाही आणि मग माणसे शिडी शोधू लागतात. प्रत्यक्ष ध्वजावर सराव करणे मनाला पटेना, म्हणून त्याच मापाचे पांढरे कापड घेतले, केशरी पट्टा जेथे येईल त्या कोपऱ्यावर रंगीत धाग्याने खूण केली आणि आठवडाभर रोज सकाळी ते चढवले व उतरवले. दुसऱ्याच दिवशी पाऊस आला आणि आमची सुती दोरी भिजून फुगली, तेव्हा सुरगाठसुद्धा आवळून बसते हे समजले. दोरी बदलली, कप्पीला तेल दिले. आणखी एक गोष्ट हाताला कळली ती अशी, की ध्वजाचे खालचे टोक दोरीला ताणून बांधले नाही तर ध्वज वर सरकून गोळा होतो आणि फडकतच नाही. वरच्या दोरीच्या टोकाला मी कायमची केशरी खूण केली आहे.

सजावटीवर मात्र चर्चा बरीच लांबली. काही सभासदांना स्तंभाच्या टोकाला झेंडूचा हार हवा होता, काहींना फाटकावर छोट्या तिरंग्यांचे तोरण हवे होते आणि सोसायटीचा स्वतःचा ध्वज त्याच स्तंभावर खाली बांधावा, अशीही एक सूचना आली. या तिन्ही गोष्टी संहितेला मान्य नाहीत. तिरंग्याच्या वर किंवा स्तंभाच्या टोकावर फुलेसुद्धा ठेवायची नसतात. तिरंग्याचा उपयोग तोरण वा पताका म्हणून करायचा नसतो. आणि त्याच स्तंभावर दुसरा ध्वज लावायचा नसतो. फुलांचा आग्रह धरणाऱ्यांना मी सांगितले, की ध्वजाच्या घडीत पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, आणि त्यावर सर्वांचे समाधान झाले. सूर्यास्तापूर्वी ध्वज उतरवलाच पाहिजे, असे आमच्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने नागरिकांना दिवसरात्र ध्वज फडकवता येतो. तरीही आमच्या स्तंभावर दिवा नाही आणि रात्री लक्ष ठेवायला कोणी नाही, म्हणून संध्याकाळी उतरवणेच मला योग्य वाटले.

सभागृहातील ध्वजाने मला सर्वांत अधिक गोंधळात टाकले. भिंतीवर तिरंगा उभा लावायचा झाला, तर केशरी पट्टा ध्वजाच्या उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे यावा लागतो. ध्वज ही आपल्याकडे तोंड करून उभी असलेली व्यक्ती आहे असे मानले, की हा प्रश्न सुटतो. व्यासपीठावर काठीला लावलेला ध्वज श्रोत्यांकडे पाहणाऱ्या वक्त्याच्या उजव्या हाताला असतो, तोही याच न्यायाने. दोन दिवस आधी ध्वज लावणाऱ्या मुलांनी आडवा ध्वज नुसता फिरवून केशरी बाजू पाहणाऱ्याच्या उजवीकडे घेतली होती. ती बदलून घेतली.

१५ ऑगस्टला पाऊस थांबलेला होता. सोसायटीतील सर्वांत वयोवृद्ध आजींनी दोरी ओढली, गाठ पहिल्याच झटक्यात सुटली, पाकळ्या खाली आल्या आणि केशरी पट्टा वर होता. राष्ट्रगीताची ५२ सेकंदे मी दोरीवरून हात काढला नाही.

दुपारी मुलांना घेऊन आवारात पडलेले कागदी ध्वज वेचले, कारण दरवर्षी ते दुसऱ्या दिवशी पावसाच्या पाण्यात सापडतात आणि झाडणाऱ्या बाईंना ते कचऱ्यात टाकवत नाहीत. संध्याकाळी ध्वज सावकाश उतरवला. चढवताना जोमाने आणि उतरवताना संथपणे, हाही नियमच आहे. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडून, चक्र वर दिसेल अशी घडी घातली आणि दोन्ही तळहातांवर ती कार्यालयात नेली. जुना, विरलेला ध्वज तेवढा उरला होता. तो कपाटात कोंबून ठेवायचा नसतो, फाडायचा नसतो. एकांतात, संपूर्ण, शक्यतो जाळून त्याला निरोप द्यायचा असतो. पुढच्या रविवारी पहाटे गच्चीवर आम्ही तिघांनी वेचलेल्या कागदी ध्वजांसह त्याला अग्नी दिला. जानेवारीत माझ्या हातून उलटा बांधला गेलेला ध्वज तोच होता.